राळ, दिवा आणि डांबर

पावसाळ्यात मुरुडच्या खाडीत माणसांपेक्षा होड्यांचीच गर्दी जास्त असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या ओढून वर घेतलेल्या. कुणाच्या अंगावर ताडपत्री, कुणाचे इंजिन उघडून ठेवलेले, कुणाच्या कुशीला सुताराची ठोकाठोक चालू. नारळी पौर्णिमा जवळ आली आणि पावसाने जरा उघडीप दिली, की एकदरा गावाच्या बाजूला एखाद्या जुन्या लाकडी होडीच्या खालच्या अंगावरून काळा हात फिरू लागतो. ओले दोर, सुकी मासळी आणि डिझेल यांच्या वासांवर मात करून एक उग्र वास वर येतो. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, नाव एकच ऐकू येईल: डांबर.

शब्द इतका अंगवळणी पडलेला, की त्याला त्याचे गाव विचारावे असे कुणाच्या मनात येत नाही. रस्त्याचे डांबरीकरण रखडते, कपाटात लोकरीच्या कपड्यांसोबत डांबराच्या गोळ्या ठेवल्या जातात. आवाजही कसा रांगडा, देशावरच्या मातीतून उगवल्यासारखा. पण युल आणि बर्नेल यांनी १८८६ साली छापलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘डॅमर’ अशी एक नोंद आहे, आणि तिथे या शब्दाचे नाते मलय-जावानी ‘दामार’शी जोडलेले आहे. हिंदीत आणि गुजरातीत तो ‘डामर’ झाला, कन्नडात ‘डांबरु’. आपण म्हणतो डांबर. मधला ‘ब’ कुठून आला याचे कोडे पडू नये. ‘म’ आणि ‘र’ जवळ आले की मध्ये ‘ब’ घालायची सवय आपल्या भाषांना प्राकृतापासूनची आहे. आम्राचा आंबा झाला, ताम्राचे तांबे झाले. दामारही त्याच वळणाने गेला.

मूळच्या दामारला मात्र काळा रंग नाही. मलय भाषेत दामार म्हणजे झाडाची राळ. सुमात्रा, बोर्निओ, मलय द्वीपकल्प इथल्या पावसाळी रानांत आपल्या साल वृक्षाच्या कुळातली उंच झाडे आहेत. खोडाला जखम झाली की ती चीक गाळतात आणि हवा लागताच तो चीक काचेसारखा घट्ट होतो. दगडासारखी टणक राळ ती ‘दामार बातू’, कारण बातू म्हणजे दगड. सगळ्यांत निर्मळ, पिवळसर चमकणारी ती ‘दामार माता कुचिंग’, म्हणजे मांजराचा डोळा. सुमात्राच्या दक्षिण टोकाजवळ क्रुई नावाचा किनारी मुलूख आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी ही झाडे स्वतः लावून, शेजारी फळझाडे वाढवून बागाच उभ्या केल्या. त्यांना ‘रेपोंग दामार’ म्हणतात. माणूस वेताचा दोर खोडाभोवती आणि कमरेभोवती घेऊन वर चढतो, खोडात पाडलेल्या त्रिकोणी खाचांत साठलेली राळ खरवडून काढतो, खाच थोडी ताजी करतो आणि पुढच्या खाचेकडे सरकतो. आपल्याकडचा माडावर चढणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला ते सगळे अंग ओळखीचे वाटेल.

या राळेचे दोन उपयोग फार जुने आहेत. एक होडीचा. फळ्यांच्या सांध्यांत मलय लोक गेलाम झाडाची कागदासारखी पातळ साल भरत आणि वरून तेलात विरघळवलेली राळ फासत. पाणी आत येऊ नये आणि समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा दूर राहावा, हा त्यातला हेतू. दुसरा उपयोग दिव्याचा. राळ कुटून पानात गुंडाळली, टोक पेटवले की मशाल झाली.

भाषांनी या दोन उपयोगांतून आपापली निवड केली. जावाच्या भाषेत दामार म्हणजे चक्क दिवा. तिथल्या मजापहित साम्राज्याच्या काळच्या कथेचा नायक दामारवुलान; वुलान म्हणजे चंद्र, तेव्हा नायकाचे नाव चंद्राचा दिवा असे होते. बालीतही दामार दिवाच आहे. भाषांचे ऑस्ट्रोनेशियन कुळ पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत पसरले आहे. रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञाने या कुळातल्या शब्दांचा तुलनात्मक कोश रचण्यात आयुष्य घातले. त्याच्या मांडणीत या सगळ्या रूपांमागे राळ आणि तिची मशाल अशा दोन्ही अर्थांचे एकच मूळ उभे राहते, आणि ते मूळ पॅसिफिकच्या बेटाबेटांवर उगवून आलेले दिसते. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘रामा’ म्हणजे मशाल. हवाईत ‘लामा’, अर्थ तोच. सामोआतही लामा आहे. ज्या झाडाच्या तेलकट बिया काडीत ओवून जाळतात, त्या झाडाचे ते नाव. टोंगात सुरुवातीचा ‘र’ गळून उरले ‘आमा’, आणि त्याचा अर्थ मशालीच्या उजेडात मासे धरणे.

दामारचा लामा कसा होतो, असे वाटेल. पण आपल्या घरात पाहावे. तडागाचे तळे झाले आणि षोडशाचे सोळा. जीभ वर टेकून निघणारा ‘ड’ थोडा सैल सुटला की ‘ळ’कडे घसरतो. प्रशांत महासागरात ‘द’ असाच ‘र’कडे आणि ‘ल’कडे घसरला. शब्दांचे हे घसरणे एकदा दिसू लागले, की लांबची भाषा परकी वाटेनाशी होते. माझ्यापुरते तरी असेच झाले.

या प्रवासातला एक योग मला विलक्षण वाटतो. माओरींचे पूर्वज रामा हा शब्द बरोबर घेऊन होड्यांतून न्यूझीलंडला उतरले. तिथे त्यांना कावरी नावाचे महाकाय झाड भेटले. त्याचाही चीक घट्ट होतो. माओरी त्याच्या गाठी अंबाडीसारख्या तंतूंत बांधून मशाली करत. त्याची काजळी चरबीत कालवून चेहऱ्यावर गोंदणे करत. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच झाडाला नाव दिले ‘दम्मारा ऑस्ट्रालिस’, कारण तोवर मलय बाजारातला दामार हा शब्द लॅटिनच्या अंगरख्यात शिरला होता. म्हणजे एकच शब्द दोन वाटांनी निघाला: एक वाट होडीची, बेटावरून बेटावर, कित्येक पिढ्यांची, दुसरी वाट व्यापाराची आणि छापील ग्रंथांची. दोन्ही वाटा एका झाडाच्या बुंध्याशी येऊन मिळाल्या.

आपल्या बाजूला काय घडले? आपली राळ आपल्याकडे आधीपासून होतीच. सालाची राळ, शिवाय पश्चिम घाटातल्या दोन झाडांची राळ. व्यापारात त्या दोन झाडांना पांढरा डामर आणि काळा डामर म्हणू लागले. म्हणजे झाडे आपली आणि नाव समुद्रापलीकडचे. मी मुरुडच्या बाजारातून राळेचा एक खडा आणला. काष्ठौषधींच्या दुकानात ती अजून मिळते. बोराएवढा खडा, बाहेरून पिठूळ, फोडल्यावर आत मधाच्या रंगाचा आणि धारदार. निखाऱ्यावर ठेवला तसा आधी घाम आल्यासारखा ओलावला, मग कडेने फसफसला आणि पांढऱ्या धुराची रेघ सोडू लागला. देवळाचा वास खोलीभर झाला. काडी लावताच पिवळी, काजळी धरणारी ज्योत उठली. उरलेला अर्धा खडा खोबरेलात मंद आचेवर पातळ केला आणि फणसाच्या फळीच्या तुकड्यावर चोळला. दुसऱ्या दिवशी त्यावर पाणी टाकले तर थेंब मोत्यांसारखे उभे राहिले, लाकडात शिरले नाहीत. जावाचा दिवा आणि मुरुडच्या होडीची काळी पाठ या दोन टोकांच्या गोष्टी नाहीत, हे मला तेव्हा हाताने कळले. एकाच खड्यात दोन्ही अंगे आहेत. अंधार हटवायचा की पाणी अडवायचे, हे ज्याच्या हातात खडा आहे तो ठरवतो.

उजेडाचा अर्थ कोकणानेही सोडलेला नाही. फक्त तो राळ या आपल्या शब्दाकडे ठेवला. दशावतारात संकासुर येतो तेव्हा मशालीवर राळेची पूड फेकतात. क्षणभर आगीचा लोळ उठतो आणि पुढे बसलेली पोरे मागे सरकतात. आरोपांची राळ उठवणे, टीकेची राळ उडवणे हे वर्तमानपत्रांतले नेहमीचे शब्दप्रयोग. त्यांच्या मागेही ही भडकणारी पूड आहे. मग डांबराच्या वाट्याला काय आले? होडीचे काम. जहाजांबरोबर जो शब्द आला, तो जहाजांच्याच कामाला लागला. मला हे फार नैसर्गिक वाटते.

आणि जहाजे येत-जात होती, याला साक्षीदार आहे. तोमे पिरेस हा पोर्तुगीज औषधविक्रेता. अफोन्सो द अल्बुकर्कने १५११ साली मलाक्का घेतल्यावर तो तिथे गेला, आणि १५१२ ते १५१५ या काळात त्याने पूर्वेकडच्या देशांचे ‘सुमा ओरिएंताल’ हे वर्णन लिहिले. ती हस्तप्रत पुढे विस्मरणात गेली आणि १९३७ साली पॅरिसमध्ये सापडली. मलाक्काच्या बंदरात ८४ भाषा कानी पडतात, असे तो लिहितो, आणि तिथे व्यापाराला येणाऱ्यांची लांबलचक यादी देतो. त्या यादीत गुजराती आहेत, दाभोळचे आणि गोव्याचे लोक आहेत. चौलचे लोक आहेत. हबशीही आहेत. मुरुडला बसून ही यादी वाचताना अंगावर काटा येतो. चौल इथून उत्तरेला, कुंडलिकेच्या मुखाशी. आणि हबशी म्हणजे ज्यांच्या वंशजांनी, सिद्दींनी, समोरच्या जंजिऱ्याच्या बेटावरून १९४८ पर्यंत राज्य केले, ते. आपल्या अंगणातली दोन माणसे पाचशे वर्षांपूर्वी मलयांच्या बाजारात खांद्याला खांदा लावून उभी होती.

अशा बाजारातून शब्द एकाच दिशेने वाहत नाहीत. आपल्या उपासाचा साबुदाणा मलय ‘सागू’चा नातलग, आणि पिंजऱ्यातला काकाकुवा तिथल्या ‘काकातुआ’चा. उलट मलय माणूस भाषेला ‘बहासा’ म्हणतो, नावाला ‘नामा’, शिकवणाऱ्याला ‘गुरु’. काही शब्द तर दोघांनीही तिसऱ्याकडून घेतले. कोळ्यांचा नाखवा तिथे ‘नाखोदा’ आहे. फारसीत नाव म्हणजे होडी आणि खुदा म्हणजे धनी. होडीचा धनी तो नाखुदा. मलाक्काच्या जुन्या सागरी कायद्यात तर समुद्रावर असेपर्यंत नाखोदा हाच राजा मानलेला आहे, आणि मुरुडचा कोणताही खलाशी हे कायदा न वाचता सांगेल. खलाशी तिथला ‘कलासी’, बंदर तिथलेही बंदर. मुरुड तालुक्यातच कोर्लई आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी काही कुटुंबे अजून ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, बोलतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून ती जन्मली. पोर्तुगीजांनी चौल-कोर्लई १७४० साली मराठ्यांना दिले, तरी भाषा टिकली. तिची बहीण मलाक्कात आहे, तिचे नाव क्रिस्तांग. तिच्यात मलयचा अंश मिसळला. एकाच काळी एकाच आरमाराच्या वाटेवर जन्मलेल्या या दोघी एकमेकींना न भेटता म्हाताऱ्या झाल्या.

ज्या किल्ल्यासाठी लोक मुरुडला येतात त्याच्या नावाचीही हीच कथा. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट. आपण तो शब्द ‘जंजिरा’ केला आणि बेटापेक्षा बेटावरच्या तटबंदीला तो चिकटवला. जुन्या कागदांत जंजिरे विजयदुर्ग, जंजिरे अर्नाळा असे लिहिलेले सापडते; जंजिरा म्हणजे पाण्यातला किल्ला. मलय भाषेनेही तो घेतला, पण तिथे ‘जझीरा’ म्हणजे द्वीपकल्प, तीन बाजूंना पाणी आणि चौथी जमिनीला जोडलेली. स्वतः द्वीपकल्पावर राहणाऱ्या माणसांनी तसा अर्थ घ्यावा आणि वेढ्यांच्या इतिहासात जगलेल्या किनाऱ्याने तट पाहावा, यात आश्चर्य नाही. संभाजी महाराजांनी १६८२ साली याच किल्ल्यासाठी समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता. तो पुरा झाला असता तर मुरुडचा जंजिराही मलय अर्थाने जझीरा झाला असता.

डांबराची पुढची वाट जमिनीवरची आहे. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशापासून जळणाचा वायू काढताना काळा, चिकट गाळ उरू लागला. तो होडीला चालत होता आणि स्वस्त होता. लोकांनी त्याला नवे नाव शोधले नाही. जे काम राळ-तेल करत होते तेच हा करतो, म्हणून हेही डांबरच. त्या गाळातून नॅफ्थलीन निघाले, तेव्हा त्याच्या गोळ्या डांबराच्या गोळ्या झाल्या. मग खनिज तेल शुद्ध करताना तळाशी राहणारे बिटुमेन रस्त्यांवर आले. शास्त्राच्या दृष्टीने ते वेगळे द्रव्य आहे, पण सडक डांबरीच म्हटली गेली. झाड, कोळसा, खनिज तेल: तीन वेगवेगळ्या उगमांची द्रव्ये एका शब्दाने सांभाळली, कारण तिन्ही पाणी अडवतात आणि तिन्ही चिकटतात. इंडोनेशियात रस्त्याच्या काळ्या थराला डचांकडून घेतलेला ‘अस्पाल’ हा शब्द आहे. जिथे राळ रोज हाताळली जाते तिथे तिचे नाव दुसऱ्या कशाला देता आले नाही. आपल्याकडे राळेला तिचे स्वतःचे नाव होते, म्हणून पाहुणा शब्द मोकळा राहिला आणि नव्या द्रव्यांबरोबर चालत गेला.

आता मुरुडच्या खाडीत फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. त्यांना सांधे नाहीत, म्हणून सांध्यांत कापूस ठोकणे नाही, राळ नाही, डांबर नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या सोयीच्या आहेत आणि त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. दिव्याच्या अर्थाचेही काही बरे चाललेले नाही. टोंगातला माणूस मशाल घेऊन उथळ पाण्यात मासे धरी. आपल्याकडे पेट्रोमॅक्सच्या उजेडात खडकांवरून चिंबोऱ्या धरत. तेवढा उजेड समुद्राला पेलत होता. जनरेटरवर चालणारे एलईडीचे झोत थव्याच्या थवे ओढून घेतात, लहान पिल्लांसकट. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या मासेमारीवर बंदी घातली. रायगडचे पारंपरिक मच्छीमार ती नीट पाळली जावी म्हणून आजही भांडत आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. उजेड माशाला दाखवायचा किती, याची मर्यादा जुन्या हातांना ठाऊक होती.

हा शब्द माझ्याशी इतका का बोलतो, याचा मी विचार केला आहे. शाळेत आपण मराठीची वंशावळ शिकतो: संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश. ती खरी आहे, पण ती डोंगराकडून येणारी वाट आहे. किनाऱ्याची मराठी समुद्राकडूनही आली. अरबी सुकाणू, फारसी नाखवा, मलय डांबर हे शब्द दरबारातून किंवा पोथीतून आलेले नाहीत. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा खलाशांनी, सुतारांनी, तांडेलांनी ते कामापुरते उचलले, तोंडाला बसतील असे घडवले आणि मुलांना दिले. भाषेत भर घालणाऱ्यांच्या यादीत या माणसांची नावे कधी लागत नाहीत. लागायला हवीत, निदान त्यांच्या वस्तूंची तरी.

म्हणून एक काम मला तातडीचे वाटते. लाकडी होडी बांधणारे आणि दुरुस्त करणारे हात अजून आहेत. कोणत्या फळीला काय म्हणतात, सांध्यात काय भरतात, राळेत तेल किती आणि ते कढवतात कसे, कोणत्या वाऱ्यात काम काढत नाहीत, हे सगळे त्यांच्या तोंडून, वस्तू समोर ठेवून, त्यांच्याच बोलीत टिपले पाहिजे. नुसती शब्दांची यादी पुरणार नाही. खडा हातात घेतल्याशिवाय राळ आणि दिवा यांचे नाते मलाही कळले नव्हते. मुरुड, एकदरा, राजपुरी इथल्या शाळांतली मुले हे काम उत्तम करतील, कारण ज्यांना विचारायचे ते त्यांचेच आजोबा आहेत. पावसाळ्यात होड्या वर असतात, माणसे घरी असतात. दोन महिने सुरुवातीला पुष्कळ आहेत.